पडायलाच आलेले

अमडापूरच्या थांब्यावर सत्यभामाबाई बीटी कपाशीच्या बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावरचा आवाज त्यांनी ओळखला. गावोगाव भोंग्यावर याच बियाण्याची तारीफ करणारा शाकिर. त्याचंच ऐकून त्यांनी पिशवी घेतली होती. तो मित्राला, मतीनला, विचारत होता,

"पिच्चर कोणता पाह्यला बे?"

"जुना, बॉक्सिंगचा. ताडासारखा गडी, पण ठोसा मारता येत नाही. मालक समोरच्याले पैसे देऊन पाडते, आन् एक पेपरवाला ह्याले शेर म्हणून छापते."

"गड्याले माहीत नाही?"

"नाही ना! त्याले वाटते, आपल्याच ठोशानं पडून राह्यले. मंग खरा बॉक्सर भेटते, तो ह्याचा जबडा मोडते."

"आन् पेपरवाला?"

"त्याले लाज वाटते. शेवटी सारं खरं लिहाले बसते."

"येडा हाय बे! पुढच्या हंगामात त्याले कोण बोलावंन?"

"तू भोंग्यावर सांगतं, बोंडअळी ह्या कपाशीच्या वाऱ्याले उभी राहत नाही. तुह्या वावरात हेच हाय?"

"मी काऊन पेरू? मी तूर टाकतो."

बस आली. दोघं उठले. शाकिर सत्यभामाबाईंकडे वळला,

"मावशी, बस लागली. येत नाही का?"

"जा तुमी. मले हे दुकानात वापस कराचं हाय. पण बाबू, तूर कोणती टाकतं, तेवढं सांगून जा."