शेवटचं बटण

—हात सैल सोडा साहेब, हलू नका, टाचणी टोचेल. बाही लांब वाटते? नवा कोट आधी सगळ्यांनाच परका वाटतो. इकडे आरशाकडे वळा—खिडकीकडे नको, खिडकीतून माझ्या धाकट्या भावाचं दुकान दिसतं. तोही शिंपीच. एकाच टेबलावर शिकलो आम्ही—मी काजं करायचो, तो टिवल्याबावल्या. आज बघा, त्याच्याकडे केवढं हसणं-खिदळणं चाललंय. तो मधोमध हात पसरून उभा आहे ना, उंचसा, तो माझा नातू. लग्नाच्या कोटाचं माप देतोय. हो, समोर. मी इथं जिवंत बसलेला असताना.

भांडण? छे, भांडण असतं तर मिटलं तरी असतं. तो ज्याच्याशी लग्न करतोय ना, तोही मुलगाच आहे—तुमच्यापासून काय लपवायचं, साऱ्या गल्लीला माहीत आहे. गुणी आहे हो पोरगा, माझ्या डोळ्यांत थेंब घालायला यायचा, माझी मुलगी विसरायची पण तो नाही. पण लग्न म्हटलं की माझ्या मनात एक बाई आणि एक पुरुष, जन्मभर तसंच मानत आलो. मन म्हणजे काय अस्तर आहे, उसवलं आणि दुसरं लावलं? आणि आमच्या दुकानाची एक रीत आहे—नवरदेवाच्या कोटाचं शेवटचं बटण कोट त्याच्या अंगात असताना मी लावतो, आणि दोरा तोडताना म्हणतो, 'हे लग्न माझ्या मनाला पटलं, सुखानं नांदा.' उगाच नाही म्हणत कुणाला. एक म्हातारा कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघाला होता, त्याच्या हातात बटण ठेवलं आणि दार दाखवलं.

नातवाला म्हटलं, 'बाळा, असा कोट शिवतो की लोक बघत राहतील. बटणही लावतो. तेवढं मात्र बोलणार नाही.' तो हळूच म्हणाला, 'खोटं बोललात तर मला कळेल आजोबा, नका बोलू. पण मुक्यानं लावलेलं बटण मला नको.' आणि गेला समोर. चिडला नाही. त्यालाही मन आहेच की, माझंच तेवढं मन आणि त्याचं काय भुसा? मुलगी म्हणते, 'बाबा, चार शब्दांनी काय जातं तुमचं?' काही जात नसेल तर त्याला तरी कशाला हवे होते? काहीजण पाठ थोपटायला येतात—'बरोबर केलंत काका!' त्यांना म्हणतो, घरी जा. नातू आणून देणार आहात का?

आणि धाकटा! तो मागेल त्याला देतो शब्द, जीभ आहे का कारंजं. त्याला स्वतःचं नातवंड नाही, आता आयतं मिळालं—बघा, बघा कसा खांद्यावर हात ठेवलाय! परवा समोरून नातवाची हाक आली, 'आजोबा!' मी चटकन उठलो, कात्री हातातच—'आलो रे!' म्हणालो. हाक धाकट्याला होती.

काय? बाही पार बोटांवर आली? कुठं... सरळ उभे राहा बरं. खांदा... थांबा, टेप कुठे गेली—

साहेब, हे माप तुमचं नाही. घेतलं होतं मी तुमचंच, पण कापताना हात आपला आपण गेला असणार. हा उजवा खांदा बघा, इथं कापूस जास्त भरलाय. लहानपणी झाडावरून पडला होता नातू, तेव्हापासून खांदा जरा खाली आहे. तुमचे दोन्ही सारखे. आणि तुमचं लग्न तर कधीच झालंय, तरी शेवटचं बटण मी लावलेलंच नाही.

काढा. सावकाश. तुमच्यासाठी दुसरं कापड घेतो, पुढच्या आठवड्यात या. जाताना एवढं करा, हा समोर देऊन जा. नातवाला माझ्यातर्फे काही बोलू नका. बटण आतल्या खिशात टाकलंय, ते बघितलं की त्याला कळेल. लावायचं की नाही, कुणाकडून लावायचं, त्याचं तो ठरवेल. आणि धाकट्याला बजावून सांगा, उजव्या खांद्याला हात लावायचा नाही.

जा आता. दार ओढून घ्या.