खिडकी नसलेल्या क्लबला पाच स्टार

मी : पण खिडकी कुठे आहे?

आई : कुठली खिडकी? आणि दप्तर टेबलावर ठेवू नकोस, आत्ताच पुसलंय.

मी : एखादी तरी असेलच ना गं. त्या पडद्यामागे?

आई : तळघर आहे हे. पंधरा पायऱ्या उतरून आलीस आणि खिडकी शोधतेस. पडद्यामागे भिंत आहे, भिंतीमागे पाण्याची टाकी.

मी : मेले मी.

आई : शाळेतून घरी जायचं सोडून इथे का आलीस, ते आधी सांग. चार वाजलेत. मी सातला दारावर उभी राहायच्या आत तू घरी पाहिजेस.

मी : सांगते. पण ओरडणार नाहीस ना?

आई : ते ऐकून ठरवेन.

मी : दिवसा किती वेगळं दिसतं ना इथे. मला वाटायचं, सगळं नुसतं चमचमत असेल. हा तर आमच्या शाळेचा हॉल वाटतोय. उलट्या खुर्च्या, फिनेलचा वास. आणि तो वरचा आरशांचा गोळा, त्यावर चक्क धूळ आहे गं.

आई : विषय बदलू नकोस.

मी : बरं. रविवारी तू मावशीशी फोनवर बोलत होतीस, ते मी ऐकलं. त्या वन स्टारवाल्या रिव्ह्यूमुळे मालक तुला दारावरून काढून आत बॅगा सांभाळायला बसवणार आहेत. तू म्हणालीस, “आठ वर्षं उभी राहिले, आता बसवतायत.” आणि मग तू भाजी करपवलीस. तू कधीच करपवत नाहीस.

आई : माझ्या भाजीवर बारीक लक्ष आहे तुझं.

मी : म्हणून मी एक रिव्ह्यू टाकला. पाच स्टार. दुसऱ्याच नावाने. आणि आई, काय सुंदर लिहिलाय म्हणून सांगू. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई : काय लिहिलंस?

मी : “अविस्मरणीय जागा. खिडकीतून येणारी गार झुळूक, मंद प्रकाश, आणि दारावरच्या ताई म्हणजे साक्षात मायेचा झरा. प्रत्येकाचं हसून स्वागत करतात.”

आई : मी? हसून?

मी : मला वाटलं होतंच, तू तिथे अडकणार.

(मॅनेजर जिना उतरून येतो. हातात फोन, चष्मा कपाळावर.)

मॅनेजर : ताई, कुणा बाईने आपल्या खिडकीचं कौतुक करून पाच स्टार दिलेत, ओळखता का तिला? सकाळपासून मालकांचे तीन फोन झाले. पहिल्यांदा काय विचारलं माहितीये? “मला न विचारता खिडकी कधी पाडलीत?” दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा मात्र हसले नाहीत. त्यांना वाटतंय, तुम्हीच कुणाकडून तरी लिहून घेतलंत.

आई : साहेब, ही माझी मुलगी. नववीत आहे.

मॅनेजर : अरे वा. ये बाळ, बस.

मी : मीच ती बाई, काका.

मॅनेजर : कोण?

मी : खिडकीवाली.

आई : तिचं चुकलं, साहेब. माझं चुकलं म्हणा.

मी : तुझं कसं? तुला तर आत्ता कळलं.

मॅनेजर : थांबा, थांबा. आधी एक खुर्ची सरळ करू दे मला. हं. बाळ, तुझा रिव्ह्यू वाचून एखाद्याला काय कळेल, सांग बघू.

मी : की जागा छान आहे.

मॅनेजर : छान म्हणजे? मी बारा वर्षं रोज सकाळी चहाबरोबर हेच वाचतो. “एकदम मस्त”, “एकदम भंगार”, दोन्ही सोडून देतो, त्यात हाताला काही लागत नाही. एकदा एकाने लिहिलं होतं बघ. “बुधवारी गेलो. डाव्या स्पीकरजवळ बसू नका, दात हलतात. गुडघे दुखत असतील तर लक्षात ठेवा, पंधरा पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला.” तीन स्टार. मी त्याच आठवड्यात दुसरा कठडा बसवला. कधी गेला, कुठे बसला, काय झालं, ते सगळं होतं त्यात. तुझ्या रिव्ह्यूत तू आलेलीच नाहीस.

मी : आता आलेय. पण तो वन स्टारवाला तरी आला होता ना खरोखर? मग त्याचं बरोबर मानायचं?

मॅनेजर : हा घे फोन. मोठ्याने वाच. पोर्शन असल्यासारखं वाचू नकोस, नीट वाच.

मी : “शनिवारी अकराच्या सुमारास निघालो. दारावरच्या बाईने माझ्यासोबतच्या मुलीला अडवलं. मला काही न विचारता तिला विचारलं, याचं नाव काय. तिला सांगता आलं नाही, तर तिला खुर्चीवर बसवून ठेवलं आणि मला म्हणाली, तुम्ही निघा. हा क्लब आहे की मुलींचं वसतिगृह? सगळी संध्याकाळ वाया गेली.” आई...

आई : हं.

मी : तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं?

आई : तिला त्या वेळी स्वतःचंही धड सांगता येत नव्हतं.

मी : मग?

आई : मग काय. पाणी दिलं. तिच्या फोनमधून बहिणीचा नंबर काढला. बहीण आली रिक्षाने, घेऊन गेली. म्हटलं, पोचलात की एक रिंग द्या. दिली.

मी : रिंग म्हणजे... सकाळी तुझ्या फोनवर ते मिस्ड कॉल असतात, ते? मला वाटायचं, लोनवाले मागे लागलेत.

आई : एकटीदुकटी निघाली की सांगते सगळ्यांना. मी उचलत नाही. वाजला की झालं.

मी : आणि हे तू मालकांना का नाही सांगितलंस?

आई : त्या पोरीने हात धरून सांगितलं होतं, कुणाला सांगू नका. मी हो म्हटलं.

मी : पण इथे तर तोच सगळं लिहून बसलाय.

मॅनेजर : आता त्याच्या खाली बघ.

मी : खाली अंगठा आहे. “हा रिव्ह्यू उपयोगी वाटला.” एकशे त्रेचाळीस. एवढे लोक त्याच्या बाजूने?

मॅनेजर : मीही तसंच समजून बसलो होतो. परवा बायकोला दाखवला. तिने दोनदा वाचला, अंगठा दाबला आणि भाचीला पाठवला. सोबत लिहिलं, “जायचंच असेल तर इथे जा.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याने राग काढला खरा, पण वार, वेळ, कोण काय बोललं, सगळं जसंच्या तसं लिहिलं. कुणा मुलीला जे विचारायचं असतं आणि कुणाला विचारता येत नाही, त्याचं उत्तर देऊन बसला बिचारा.

आई : बिचारा नका म्हणू त्याला.

मॅनेजर : नाही म्हणत.

मी : मग मालकांना हे सांगा ना काका.

मॅनेजर : काल सांगितलं. अर्धं मन वळलं होतं त्यांचं. आज सकाळी तुझी खिडकी उघडली. आता म्हणतात, ते एकशे त्रेचाळीसही तुमच्याच घरचे.

मी : माझ्यामुळे.

आई : असू दे. बॅगा तर बॅगा. पायांना आराम.

मी : तू असं बोललीस ना, की आज परत भाजी करपणार. काका, मालकांना फोन लावा. मी बोलते.

आई : काही गरज नाही.

मी : आई, खिडकी मी पाडलीय. लावा, काका.

मॅनेजर : ताई?

आई : ...लावा. नीट बोल. घाई करू नकोस.

मी : नमस्कार. मी दारावरच्या ताईंची मुलगी. खिडकी माझी होती. हो, पाच स्टार मीच दिले. आईला आत्ता चार वाजता कळलं. काढून टाकते, आत्ताच काढते. ...नाही, एकशे त्रेचाळीस माझे नाहीत. माझ्या वर्गात सगळे मिळून छत्तीस आहेत, आणि माझा रिव्ह्यू त्यातल्या एकीनेच वाचलाय. ...खरं काय माहीत आहे? मला? मी तर आज पहिल्यांदाच आले इथे. मला फक्त आईचा फोन माहीत आहे. सकाळी उठली की ती मिस्ड कॉल बघत बसते. गेल्या रविवारी एकोणीस होते. मला वाटायचं, नुसती बघतेय. ती मोजत होती. एखादा कमी असला की त्या नंबरवर फोन करते, आणि तोवर चहा गार होतो. मग गारच पिते. ...नाही, एवढंच. ...हो. देते.

मॅनेजर : बोला साहेब. ...हो. ...हो, नववीत. ...बरं. ...बरं, सांगतो. ठेवतो.

मी : काय म्हणाले?

मॅनेजर : म्हणाले, दार ताईंकडेच राहू दे.

मी : आई! ऐकलंस का?

आई : ऐकू येतं मला. ओरडू नकोस, घुमतं इथे.

मॅनेजर : एक अट आहे पण. दारावर थोडं हसत जा म्हणाले.

आई : कुणाकडे बघून?

मॅनेजर : ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चला, मी वर आहे.

मी : आई, तू रडतेयस?

आई : फिनेल जास्त पडलंय आज. तो रिव्ह्यू काढलास का?

मी : काढला. आणि त्या वन स्टारवाल्यालाही अंगठा दिला. एकशे चव्वेचाळीस.

आई : आता दप्तर उचल. अंधार पडायच्या आत घरी. पोचलीस की...

मी : एक रिंग. माहितीये. आई, मी मोठी झाले आणि इथे आले, तर मला आत सोडशील ना?

आई : आत सोडेन. जाताना विचारेन, सोबतच्याचं नाव काय.