ट्रॅक्टर चालवणार कोण

बसच्या रांगेत शिवणवाल्या मावशींनी कपड्यांचं गाठोडं खाली टेकवलं आणि मागे चाललेल्या मायलेकांच्या भांडणाला कान दिला. म्हातारीच्या शेजारी तिची सून उभी होती.

“जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालास, आणि पाहिलंस काय? रंग!”

“आई, टायरही पाहिले. दिवे लागतात.”

“तो काय शोकेसमध्ये ठेवायचाय? रोज शेण वाहायचं, चारा आणायचा. तू नोकरीवर, म्हणजे चालवणार ही. हिला बसवून पाहिलंस?”

“तिला काय कळतंय त्यातलं!”

“आई, हे मालकाबरोबर चहा पीत होते, तेव्हा मी चढून बसले होते.”

“मग? क्लचवर पाय पोचतो?”

“पोचतो. पण बॉनेटला हात लागला तर चटका बसला. आम्ही जायच्या आधीच मालकाने इंजिन तापवून ठेवलं होतं.”

“अगं, म्हणजे थंड असताना सुरूच होत नसणार ते! आणि हे तू आज सांगतेस?”

“यांना तिथेच सांगितलं. म्हणाले, चारचौघांत तोंड उघडू नकोस.”

बस आली. म्हातारीने लेकाच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली.

“सूनबाई, चढ. आज मालकाला न कळवता जाऊ आपण दोघी. आणि तू रे, दिवे बघणाऱ्या, घरी जा नि गोठा झाड!”