आफ्रिकेलाच जातंय ना

राग आमच्या घराण्यातला आहे, मी फक्त तो पुढे चालवतोय. मी मूसा, दाभोळच्या खाडीकाठचा, बाप जहाजावर खलाशी, आणि मी दहावीला दोनदा आपटलो तेव्हा मामाने चिपळुणात एका छापखान्यात बाइंडिंगला लावलं, पुस्तक वाचता येत नाही तर निदान चिकटव तरी, असं बोलला मामा. तेव्हापासून चिकटवतोय. चिपळुणात, मग मुंबईत, आणि गेली बावीस वर्षं इथे, दुबईशेजारच्या अजमानच्या प्रेसमध्ये, बाइंडिंगचा फोरमन. राहायला दुबईत अल कुसैसला, बायको, मुलगी आणि मी.

तर त्या नीमाबाई. केनियाच्या. तिकडे काही रिटायर झालेले मास्तर-प्रोफेसर मिळून संस्था चालवतात, नफा नाही, पगार म्हणजे नावाला, आणि मोठे प्रकाशक ज्यांना दारात उभं करत नाहीत अशा आपल्या तिकडच्या लोकांची पुस्तकं काढतात, अभ्यासाची, गोष्टींची, कवितांची. छपाई इथे. बाई स्वतः यायच्या, नमुन्याचं पुस्तक मधोमध उघडून टेबलावर दाबायच्या, पान ओढून बघायच्या, आणि बोलायच्या, मिस्टर मूसा, आमच्या लायब्ररीत एक पुस्तक अख्खं गाव वाचतं, ते तुटलं तर दुसरं येत नाही. मी बोलायचो, नो प्रॉब्लेम मॅडम. काय सांगू तुम्हाला, माझं अर्धं आयुष्य नो प्रॉब्लेम बोलण्यात गेलं आणि उरलेलं प्रॉब्लेम निस्तरण्यात.

आमच्याकडे नव्वद टक्के काम अरबीचं. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणून मशीनला छापील गठ्ठा लावायची दिशाही वेगळी, हाताला तीच सवय. इंग्रजी काम आलं की पहिली पाच पुस्तकं काढून उघडून बघायची, मगच पुढे, हा नियम मी केलेला, मीच मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलेला, खाली सही पण माझीच. त्या दिवशी मशीनवर नीमाबाईंचं इंग्रजी पुस्तक, पठाण ऑपरेटरने विचारलं, उस्ताद, चेक? आणि मी, डब्यातला मासा थंड होतोय म्हणून, काय बोललो? अरे आफ्रिकेलाच जातंय ना, यल्ला, चल, चालू कर.

संध्याकाळी एक प्रत घरी नेली, रुबाबात. मुलगी झोया कॉलेजात आहे, मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीत. तिने उघडलं आणि बोलली, अब्बा, धिस इज अपसाइड डाउन. मी बोललो, तूच उलटं धरलंयस. तिने फिरवलं, तर अक्षरं सरळ झाली आणि कव्हर डोक्यावर उभं राहिलं. कव्हर सरळ धरा तर आत शेवटचं पान पहिलं, आणि तेही उलटं. अख्खा लॉट, बघा! झोया हसली, मग तशीच उलट्या कव्हरचं धरून वाचत बसली, जेवायला उठेना. किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांची गाणी, एका म्हाताऱ्या शिक्षिकेने गावोगाव चालत गोळा केलेली. मला काही गोड लागलं नाही.

सकाळी मॅनेजर साठेसाहेबांकडे गेलो, पुण्याचे, सभ्य माणूस. त्यांनी प्रत उलटीपालटी केली, हसले, आणि बोलले, मूसाभाई, पॅक करा, गुरुवारी कंटेनर आहे, आफ्रिकेलाच जातंय ना, धर्मादाय संस्था, कोण तक्रार करतंय?

माझंच वाक्य. माझंच, शब्दाला शब्द! दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि डोकं असं फिरलं की खुर्चीला लाथ मारली, खुर्ची लोखंडाची, अंगठा दुसऱ्या दिवसापर्यंत वांग्यासारखा.

आता मध्येच आईचं सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही. इथून गावाला कार्गोने पेटी पाठवायची पद्धत, आणि पेटीत काय भरतात ते मला विचारा, तारीख संपत आलेली चॉकलेटं, बाटलीत तळाला उरलेलं अत्तर, गावाला चालतंय. मीही एक वर्षी आईला ब्लँकेट पाठवलं, कोपऱ्याला इस्त्रीने जळलेलं, घडी अशी घातली की भोक आत. दोन महिन्यांनी गावचा एक माणूस दुबईला आला, त्याच्या हातून ब्लँकेट परत. धुतलेलं, घडी बरोब्बर उलटी घातलेली, भोक वर. निरोप एवढाच, मूसाला सांग, कचरा टाकायला तिकडे वाळवंट कमी पडलं काय? पुढे वर्षभर ती फोनवर फक्त सुनेशी बोलली.

तर मी साठेसाहेबांच्या समोरच नीमाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. बाई बोलल्या, त्या गाणाऱ्या बायका पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला येणार आहेत, मिस्टर मूसा, वाचता येत नाही त्यांना, हातात पुस्तक घेऊन बघणार आहेत. मी उलटं देऊ? त्यांना कळणार नाही म्हणून? आणि मग मला जे सुनावलं ते इंग्रजीत होतं, तरी प्रत्येक शब्द कळला.

साठेसाहेब बोलले, मशीन रिकामं नाही. मी बोललो, ठीक, मग तुमच्या अरबी गिऱ्हाइकांना सांगतो, फोरमनने चुकवलं आणि मॅनेजरने झाकलं. मशीन रिकामं झालं. नवी कव्हरं माझ्या पगारातून, किती ते विचारू नका, दिरहममध्ये सांगायची लाज वाटते आणि रुपयांत केलं की रडू येतं. तीन दिवस पठाण आणि मी कव्हरं फाडत होतो, पाठीचा गोंद खरवडत होतो, पुन्हा चिकटवून पुन्हा कापत होतो. पुस्तक बोटाच्या पेराएवढं अरुंद झालं, पण सरळ झालं. गुरुवारी कंटेनर गेला. मला वॉर्निंग लेटर मिळालं, भिंतीवरच्या माझ्या नियमाच्या शेजारी मीच चिकटवलं.

नीमाबाईंनी पुढचं काम दुसऱ्या प्रेसला दिलं. बरोबर केलं, मीही दिलं नसतं. पण गेल्या महिन्यात पार्सल आलं, त्या नव्या प्रेसचं पहिलं पुस्तक, आत चिठ्ठी, मिस्टर मूसा, उघडून बघा आणि खरं सांगा. उघडलं, टेबलावर दाबलं, पान ओढलं. हातात आलं. गोंद पातळ, कव्हरचा कागद कॅलेंडरचा. लगेच कळलं तिथला कोणीतरी काय बोलला असेल. फोन केला, बोललो, मॅडम, सगळं परत पाठवा, एक पण घेऊ नका.

आई आता नाही. ब्लँकेट आहे, मीच पांघरतो, भोकाकडची बाजू पायाला. आणि त्या नव्या प्रेसच्या बाइंडरला मी शिव्या देत नाही, दुवा देतो, अल्ला त्याला माझ्या आईसारखी आई देवो, आणि लवकर देवो.