तिसऱ्यांदा आलेला हिरवा ड्रेस

आत्या: मागवलंच न्हाईस म्हणतीस, मग फोडलंस कामून?

भक्ती: वर माझं नाव होतं गं! नाव माझं, नंबर माझा, पत्ता ताडकळसचा. पार्सल दिसलं की माझे हात आपोआप चालतात, तुला म्हाईत हाय. ए आत्या, हात लावू नको त्याला! आधी बघ. हिरवा हाय.

आत्या: हिरवा तर हिरवा. साप हाय का?

भक्ती: पिंकीताईच्या साखरपुड्यातला हिरवा. तोच!

योगीराज: भक्ती, जल्दी कर की. तुमच्या ओट्यावर बसून माझं पाणीबी पिऊन झालं. ठेवायचं का परत न्यायचं? अंधार पडायच्या आत परभणीच्या गोदामात पोचायचंय मला.

भक्ती: थांब रे योगीदादा, दोन मिनिटं! पार्सल आणायला आठ दिवस लावता आणि न्यायची केवढी घाई!

आत्या: पण तो तर फाटला होता. मांडवाच्या तारेत अडकून.

भक्ती: टर्रकन! लेबल मानेत दडवून दिवसभर मिरवले, फोटो काढून काढून मोबाइल भरला, आणि शेवटी ती तार.

आत्या: मी म्हणलं, दातात दोरा धर, अंगावरच टाका घालते. जित्या माणसाच्या अंगावरचं शिवायचं तर दातात दोरा लागतो. तर तू फिदीफिदी हसत पळालीस.

भक्ती: मैत्रिणींसमोर दातात दोरा? इज्जतच गेली असती! दुसऱ्या दिवशी 'फाटका माल आला' असं लिहून दिलं पाठवून. आमच्या वर्गात सगळ्याच पोरी असं करतात, आत्या.

आत्या: आन् मग गॅदरिंगला पिवळा मागवलास.

भक्ती: तोबी दुसऱ्याच अ‍ॅपवरून! पाकीट उघडलं तर आत हाच हिरवा. फाटलेलं कुणीतरी शिवलं होतं. मला वाटलं, दुकानवाल्याची चूक. नीट बघितलंसुद्धा न्हाई, परत धाडला. पण आज तर मी काहीच मागवलं न्हाई. कार्टात ढीगभर वस्तू पडल्यात, पण बटण दाबलं न्हाई. तुझी शप्पथ.

आत्या: माझी कशाला घालतीस? योगीराज, परत नेलेला माल जातो कुठं रं?

योगीराज: खुदा जाने, काकू. मी गोदामात नेऊन टाकतो. तिथं ढीग हाय छताला टेकलेला. कोण उघडून बघतंय? खालचा माल भिजतो, उंदरं कुरतडतात, मग कधीतरी ट्रक येतो आन् घेऊन जातो. ट्रक कुठं जातो ते मला मालूम न्हाई. त्या ढिगाजवळ मी जास्त थांबतबी न्हाई.

भक्ती: का?

योगीराज: आवाज येतो. दोरा ओढल्यासारखा. सर्र... मग थांबतो. मग पुन्हा सर्र. उंदीर असंल म्हणतो आन् निघतो.

आत्या: भक्ती, तो ड्रेस उलटा कर. उजेडात धर.

भक्ती: हे खाली फाटलेलं, साखरपुड्यातलं. आणि बाहीवर ही नवीन भोकं... कुरतडलेली. पण शिवलीत सगळी. आतून ठिगळं हायत. एक जांभळं, एक निळं. आत्या? अशी काय बघायलीस?

आत्या: वाकळ आण. माझ्या खाटेवरची.

भक्ती: माझ्या होस्टेलसाठी शिवायलीस ती? ती तर अर्धीच झालीय.

आत्या: आण म्हणलं ना!

भक्ती: ही घे. ओरडतीस कशाला?

आत्या: इथं जांभळा तुकडा होता. वैनीच्या, तुपल्या आईच्या साडीचा. तू पहिल्यांदा ड्रेस धाडलास आन् तो गेला. म्हणलं, उंदरानं नेला. दुसऱ्यांदा धाडलास आन् इथला निळा गेला.

भक्ती: निळी आई बाजाराला नेसायची. तिच्या पदराला धरून मी भेळ मागायची... आत्या, हे कापड तेच हाय.

आत्या: टाका बघ. माझा टाका उजवीकडं कलतो. ह्यो डावीकडं.

भक्ती: मग शिवणारी डावखुरी असंल! जगात काय कमी डावखुरे हायत?

आत्या: आपल्या घरात कोण होतं?

भक्ती: आई. पण आई जाऊन किती वर्षं झाली!

योगीराज: मग नेऊ का परत?

भक्ती: ने! आत्ताच्या आत्ता ने! चिकटपट्टी लाव आणि पार पाथरीच्या पुढं नेऊन टाक!

आत्या: थांब. आधी बघ, वाकळीत वैनीचं काय उरलंय.

भक्ती: एकच तुकडा. गुलाबी, कोयऱ्यांचा. ...हा ड्रेस परत गेला तर हाबी जाईल?

आत्या: तुपल्या आईनं कधी चिंधी वाया घालवली न्हाई. फाटलं की शिवायची, विटलं की वाकळीत घालायची. तू टाकतीस, ती शिवून धाडती. तिच्याजवळ दुसरं कापड कुठलं? हेच हाय.

भक्ती: योगीदादा... नेऊ नको.

योगीराज: बघ हां. मी निघालो की पुन्हा फोन करशील.

भक्ती: न्हाई करणार. विटेपर्यंत घालीन मी हा. आणि थांब, हे कार्ट. पिवळा काढला. सँडल काढले, तसलेच दोन जोड खाटेखाली हायत. ही पर्स कुणाला पाहिजे होती, देव जाणे. काढली. बघ, सगळं रिकामं!

योगीराज: माझ्या पोटावर पाय देतीस की काय! बरं. येतो, काकू.

आत्या: आता घालून ये.

भक्ती: काखेत घट्ट होतो गं तो.

आत्या: ये तर घालून.

(भक्ती आत जाऊन ड्रेस घालून येते.)

भक्ती: आत्या, बसला! काखेत सैल केलाय. उंचीबी बरोबर. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. माझं आत्ताचं माप तिला कसं कळलं?

आत्या: पाठ कर उजेडाकडं. ...पाठीवर सुई हाय. दोऱ्यासकट. टोचली न्हाई तुला?

भक्ती: न्हाई. आई अशीच कापडात सुई खोचून उठायची ना?

आत्या: हां. काम राहिलं असलं की.

भक्ती: काढ ना ती. आत्या, काढ! ...सर्र वाजलं. तू ओढलास दोरा?

आत्या: माझे दोन्ही हात गुलाबी तुकड्यावर हायत, पोरी.

भक्ती: मग माझ्या पाठीला ही गार बोटं कुणाची लागायलीत?

आत्या: हा दोरा घे. दातात धर.

भक्ती: मला भ्या वाटायलंय.

आत्या: मलाबी. धर दातात, आन् आता बोलू नको. गाठ मारू दे तिला.