उभ्या गंधाचा डाख्स

आखन शहर पोलीस ठाणे. सोमवार, दि. १६ ऑक्टोबर १९६१, सकाळी १० वाजून १० मिनिटे.

मी, भास्कर विष्णू आठल्ये, वय ४७ वर्षे, धंदा तंत्रविद्यापीठाच्या मापनशाळेत सूक्ष्ममापक, मूळ राहणार सातारा, सध्या राहणार हेर, म्हणजे श्रीयुत, क्रिंग्स यांच्या घराचा दुसरा मजला, आखन, समक्ष हजर राहून, कोणाच्याही धाकाविना, व दिलेली खुर्ची डुगडुगत असतानाही स्थिर चित्ताने सांगतो की,

माझे जर्मन यंत्रांच्या संगतीत निभावते, पोलिसांच्या संगतीत अडखळते. सबब हा जबाब मी मराठीत देत आहे. संशोधक विद्यार्थी यशवंत खांबेटे तो लिहून घेत असून अधिकारी हेर योस्टेन यांस जर्मनमध्ये ऐकवीत आहेत. संस्कृत शब्द कमी करावेत अशी विनंती यशवंत यांनी दोनदा केली. ती मी दोनदा फेटाळली.

माझ्या कुटुंबात मी, पत्नी सौ. सरला व कन्या वीणा असे तिघे आहोत. आम्हांस या शहरी येऊन दोन वर्षे झाली. या अवधीत एकही जर्मन मूल आमच्या घरी जेवावयास आलेले नाही. या वाक्याची शाई नीट वाळू द्यावी, कारण पुढील समग्र कृत्य याच वाक्यातून उद्भवले आहे.

दि. ३ रोजी दुपारी शाळेतून परतल्यावर वीणाने निवेदन केले की, आपल्या नवव्या वाढदिवसास वर्गातील पाच मुली येणार आहेत. आम्ही उभयता आनंदित झालो. वीणाला मराठी समजते, परंतु उत्तर ती जर्मनमध्ये देते. पुढील संवाद त्याप्रमाणे समजावा.

सरला म्हणाली, "मी पुरणपोळ्या करते."

वीणा म्हणाली, "नको. त्यांनी विचारलं, तुम्ही वाघ खाता का. मी सांगितलं, वाघ नाही, पण माझे बाबा रानटी जनावर शिजवतात. म्हणून तर त्या येताहेत."

"तुझे बाबा चहासुद्धा उतू घालवतात," असे सरला म्हणाली. हे विधान सत्य आहे.

"आल्झो, म्हणजे आता नाही शिजवलं तर मी खोटारडी ठरेन," वीणा म्हणाली, व जिन्यात जाऊन बसली. तिला परत आणण्यास मला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी वचन दिले.

येथे नमूद करतो की, आमच्या दोन्ही कुळांत ज्ञात इतिहासात कोणीही मांस भक्षण केलेले नाही. अंडे हा शब्दही आम्ही बेताने उच्चारतो.

आमचे घरमालक हेर क्रिंग्स हे परवानाधारक शिकारी आहेत. त्यांस मी अडचण सांगितली. दि. ११ रोजी सायंकाळी पाच वाजता त्यांनी मला परसातील पडवीत नेऊन एक मृत प्राणी दाखविला. त्यास येथे डाख्स म्हणतात. मराठी नाव मला अवगत नाही, यशवंत यांसही नाही. शरीर स्थूल, पाय आखूड, धवल मुखावर दोन उभे कृष्णवर्ण पट्टे. वीणाला घेऊन सरला खाली आली. तिने क्षणभर पाहिले व ती म्हणाली, "अहो, याने उभं गंध लावलंय! हा वैष्णव आहे. याला कसं शिजवायचं?"

मी शास्त्रार्थ केला. पंचनखी प्राण्यांपैकी पाचच भक्ष्य, असे पूर्वज सांगून गेले आहेत. मी प्राण्याची नखे मोजली. ती प्रत्येक पायास पाच भरली. परंतु त्या पाचांच्या यादीत हा नाही. त्यावर मी असा निर्णय दिला की, पूर्वजांची व याची गाठच पडली नसल्याने निषेध लागू होत नाही. हेर क्रिंग्स यांनी "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असे म्हणून अनुमोदन दिले. त्यांस एक अक्षर समजले नव्हते.

दि. १२ रोजी त्यांनी प्राणी सोलून सरकारी मांसनिरीक्षकाकडे नेला. अशा प्राण्याच्या स्नायूंत सूक्ष्म कृमी असू शकतात, सबब भिंगाखाली तपासणी केल्याविना तो कोणास, विशेषतः बालकांस, देऊ नये असा येथील कायदा आहे. हा कायदा मला आज सकाळी समजला.

दि. १४ रोजी, वाढदिवसाच्या शनिवारी, सकाळी सात वाजता हेर क्रिंग्स यांनी मला दोन मांड्या दिल्या. त्यांवर जांभळ्या शाईचे वर्तुळाकार डाग होते. खाद्यपदार्थास शाई लागलेली पाहून मला क्लेश झाले. मी ते डाग प्रथम लिंबाने घासले, नंतर सुरीने खरवडले, व पृष्ठभाग मापनशाळेस शोभेल इतका निष्कलंक केला. ते निरीक्षकाचे शिक्के होते. आपल्या निर्दोषत्वाचा एकमेव पुरावा मी सव्वा तास परिश्रम करून स्वहस्ते नष्ट केला, हे मला मान्य आहे.

पाक तळघरातील धुलाईखोलीत झाला, कारण सरलाने तो स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. पातेले क्रिंग्सबाईंचे होते. सरला जिन्याच्या सहाव्या पायरीवर उभी राहिली. नाकास पदर होता. तेथून तिने आज्ञा दिल्या.

"आलं घातलंत का?"

"घातलं."

"आणखी घाला. आता पुण्याहून आलेला काळा मसाला. एवढा कंजूषपणा कशाला? दुसऱ्यांची लेकरं जेवणार आहेत."

मांस दोन तास ताकात ठेवून नंतर चार तास शिजविले. इतका वेळ कशास, असे हेर योस्टेन विचारतात. सरलाच्या मते परक्याच्या मुलास कच्चे वाढणे हे महापातक आहे, मग पदार्थ कोणताही असो. त्या चार तासांत ती पायरीवरून हलली नाही.

मीठ कोणी चाखले, या प्रश्नास उत्तर: कोणीही नाही. वाढण्यापूर्वी उष्टे करण्याची आमच्याकडे रीत नाही, आणि रीत असती तरी जीभ पुढे सरसावली नसती. मीठ अंदाजाने पडले.

दुपारी चार वाजता पाचही मुली आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले व वीणाकडे पाहिले. वीणा उंचीने सुमारे दोन सेंटिमीटर वाढली. हे माप मी उपकरणाविना घेतलेले असले तरी ते खात्रीचे आहे. मुलींनी मांस भातासह खाल्ले. फ्राऊ लॉयष्टर यांची कन्या गिझेला हिने चार वेळा मागून घेतले. सरला वाढत होती. चिमटा तिने हात पूर्ण लांब करून धरला होता. आम्ही तिघांनी वरणभात खाल्ला. सायंकाळी सात वाजता मुली गात घरी गेल्या.

रविवारी दुपारी गिझेलाने आपल्या मातोश्रींनी केलेला रोस्ट बाजूस सारून तो बेचव असल्याचे जाहीर केले व डाख्स मागितला. चौकशीअंती फ्राऊ लॉयष्टर यांस दोन गोष्टी समजल्या. मांसावर शिक्का नव्हता, आणि ज्यांनी ते वाढले त्यांनी स्वतः एक घासही खाल्ला नव्हता. त्यांनी आज सकाळी तक्रार नोंदविली व इतर चार मातांस निरोप धाडले. उरलेला पदार्थ घेऊन हजर व्हावे अशी आज्ञा झाल्याने आम्ही डब्यासह आलो. वीणाने वाटेत एकच प्रश्न विचारला: "आता कोणी येणार नाही ना?"

हेर योस्टेन यांनी माझ्यासमक्ष मांसनिरीक्षकास दूरध्वनी केला. वहीत दि. १२ ची नोंद निघाली: डाख्स एक, कृमी नाहीत, शिक्के दोन. मुलींच्या प्रकृतीस धोका नाही, असे हेर योस्टेन यांनी सांगितले.

फ्राऊ लॉयष्टर समोरच बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून विचारले, "मग यांनी का नाही खाल्लं? जे स्वतःच्या तोंडात घालवत नाही, ते माझ्या मुलीला?"

हा प्रश्न न्याय्य आहे असे मी मानतो. मी डबा उघडून घेतला, काट्याने एक तुकडा उचलला व खाण्यास सिद्ध झालो. सरला म्हणाली, "अहो." तिने मला अडविले नाही. दाराबाहेरच्या बाकावर एका टोकास वीणा व दुसऱ्या टोकास मातोश्रींसोबत आलेली गिझेला बसली होती. वीणा मला दिसत होती. काटा ओठांपर्यंत दोनदा गेला व दोनदा परत आला.

फ्राऊ लॉयष्टर यांनी यशवंत यांस विचारले, "यांना काय होतंय?"

यशवंत यांनी सांगितले की, या गृहस्थांनी जन्मात मांस खाल्लेले नाही, बाईंनीही नाही. हे त्यांनी माझ्या अनुमतीविना व एकही संस्कृत शब्द न वापरता सांगितले.

फ्राऊ लॉयष्टर यांनी विचारले, "आणि तरी चार तास शिजवलं?"

सरला जर्मनमध्ये म्हणाली, "सहा. ताकाचे दोन धरून."

फ्राऊ लॉयष्टर उठल्या व त्यांनी माझ्या हातातून काटा काढून घेतला. तो तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला. काही काळ त्या भिंतीवरील नकाशाकडे पाहत चावत राहिल्या. नंतर त्यांनी सरलास विचारले, "ताक किती घेतलंत?" उभयतांत याविषयी दहा मिनिटे हातवाऱ्यांसह चर्चा झाली. सदर काळात हेर योस्टेन यांनीही पुराव्याची परीक्षा केली. मीठ थोडे कमी आहे असे त्यांचे मत पडले. ते मला मान्य आहे.

तक्रार मागे घेण्यात आली. चारही मातांस नवे निरोप धाडण्याचे फ्राऊ लॉयष्टर यांनी मान्य केले. येत्या रविवारी त्यांच्या घरी बटाट्याचे थालीपीठवजा पदार्थ होणार असून आम्हां तिघांस बोलावणे आहे. त्यांत अंडे घालणार नाही, असे त्यांनी पोलिसांसमक्ष वचन दिले आहे.

दोन्ही मुली बाहेर बाकावर आहेत. त्या इतक्या मोठ्याने हसत आहेत की शेवटचा परिच्छेद यशवंत यांस दोनदा सांगावा लागला.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखविला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त एक दुरुस्ती करावी. 'एकही जर्मन मूल आमच्या घरी जेवावयास आलेले नाही' या वाक्यापुढे 'दि. १३ ऑक्टोबर १९६१ पर्यंत' असे लिहावे. त्यानंतर मी सही करतो.

(सही) भा. वि. आठल्ये
समक्ष: योस्टेन
लेखक व दुभाषी: य. खांबेटे