गोगलगायी संपल्या की

— नाही, नाही, ती औषधाची बाटली राहू द्या बंद, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. बसा त्या खुर्चीवर, पुढचा पेशंट यायला अवकाश आहे. आत मशीन घरघरतंय ना, तोच डॉक्टर — माझा मुलगा. त्यानेच बोलावलं ना तुम्हाला? असणार. मला सांगायचं राहून गेलं असेल. सकाळी गाडीत एवढं बोलला, नवे टायर घातलेत म्हणाला, आता कितीही लांब जा म्हणाला, आणि हे तेवढं विसरला. विसरतं माणूस.

हे बघा, कोबीचं पान. उकळत्या पाण्यातून काढलं की मऊ पडतं, मग बुडायला म्हणून देठाला जुना चमचा बांधायचा आणि दवाखाना बंद करताना या माशांच्या पेटीत सोडून द्यायचं. तुम्ही दुकानात हे सांगत नसाल, मग बाटल्या कोण नेईल — गंमत केली हो, रागावू नका. सकाळी बघावं तर पानाला गोगलगायी लगडलेल्या. अलगद उचलायचं. जरा हिसका बसला की टपटप गळतात वाळूत, की पुन्हा पहिल्यापासून. मला घाई नसते. घाई असलेल्या माणसाचं हे कामच नाही, म्हणून तर माझ्या वाट्याला आलं. काचेवर तो चिकट थेंब दिसतो ना, शेंबडासारखा — ती अंडी. नखाने खरवडायची.

आल्या कुठून म्हणता? सूनबाईने हौसेने पेटीत लावायला झाड आणलं, तुमच्याच दुकानातून, त्याच्या पानामागे बसून आल्या. एखादीच आली असेल. पण तिला काय लागतं, खायला मिळालं की झालं. बघता बघता काच दिसेना. पेशंट नाकं मुरडायला लागले, दातांचा दवाखाना आणि ही घाण. तेव्हा मी म्हटलं, मी काढतो. घरी तरी काय करत होतो — आमची ही गेली, सूनबाई ऑफिसात, हा इथे, मागे फ्रिज घुरघुरणार आणि मी बसणार. तेव्हापासून तो रोज मला गाडीतून आणतो. घरी तो फोनशी बोलतो, इथे दातांशी. गाडीत माझ्याशी बोलतो. दुसरं असतं कोण गाडीत?

मध्ये एका रविवारी दोघांनी मला एक जागा दाखवायला नेलं. लांब होती, जाता जाता पाय आखडले. माझ्या वयाची माणसं, बाग, बाकं, वेळेवर जेवण — सगळं चोख, नावं ठेवायला जागा नाही. नुसतं फाटक वाजलं की बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळायच्या. सूनबाई म्हणाली, हवा किती मोकळी आहे ना बाबा. मी म्हटलं, आहे. हा बोटात गाडीची चावी फिरवत उभा. येताना मीच म्हटलं — मीच बरं का, माझीच जीभ — "गोगलगायी संपल्या की जातो रे. तोवर त्यांचं कोण बघणार?" तो हसला. बरं म्हणाला. मला वाटलं, सुटलो. कारण गोगलगायी कधी संपतात का? तुम्ही धंद्यातले, तुम्हीच सांगा. संपतच नाहीत. संपू दिल्या नाहीत तर —

तसं नव्हे. म्हणजे एखादी राहतेच मागे, म्हाताऱ्याच्या नजरेला दिसत नाही. हा? हा डबा माझा आहे, काही नाही त्यात — बरं, बघा. बघा एकदाचं. ओल्या फडक्यात आहेत. पेटीत फार झाल्या की काढून इथे ठेवतो, कमी वाटल्या की दोनचार सोडतो. माशांचं खाणंही चिमूटभर जास्त टाकतो, तेवढंच त्यांना. कुणाचं काय जातं यात? काच मी आरशासारखी ठेवतो. आता एक तरी पेशंट तक्रार करतो का?

हसू नका. — हसत नाही? मग तोंड असं का झालं तुमचं?

काय म्हणता? आधीही आला होतात? तेव्हाच, काच माखली होती तेव्हा? हीच बाटली घेऊन? आणि मग त्याने परत का पाठवलं —

बाबांना काम असू दे, म्हणाला. असं म्हणाला तो.

म्हणजे ठाऊक होतं त्याला, की एका बाटलीचं काम आहे. मग डब्याचंही ठाऊक असणार. गाडीत त्याच्या शेजारीच तर मांडीवर धरून बसतो. एकदा सीटवर पाणी सांडलं, त्याने गुपचूप पुसलं, कसलं पाणी म्हणून विचारलं नाही. मला वाटायचं मी त्याला फसवतोय. तो मला खेळवत होता, पोराच्या हातात रिकामी वाटी-चमचा देऊन गप्प बसवतात तसा. चाललं असतं हो. तेही चाललं असतं मला, खेळवत राहिला असता तर.

आज तुम्हाला बोलावलंन. आणि सकाळी म्हणे, नवे टायर.

उघडा बाटली. थांबा — आधी हा डबा ओता पेटीत. उगाच एखादी मागे राहायला नको. मेलेल्या वर आल्या की लगेच उचला, नाहीतर पाणी नासतं, मासे जातात, त्यांनी कुणाचं काय केलंय. झाकण मी धरतो.

आत जाऊन त्याला सांगायची गरज नाही. ते मशीन केव्हाच बंद झालंय. दाराशी उभा आहे तो, ऐकतोय.

ओता तुम्ही.